सक्ती कोणावर? अमरेलीच्या दहा गावांपासून राज्यघटनेपर्यंत

सरकारचे धोरण कोठे तयार होते, असा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी बहुतेकांचे बोट राजधानीकडे वळेल. वर संसद किंवा मंत्रिमंडळ ठरवते आणि मग तो निर्णय राज्य, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या उतरत गावापर्यंत येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळेतल्या नागरिकशास्त्राने ती घट्टही केलेली आहे. परंतु जे धोरण आज देशातील प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेले आहे, ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे धोरण, उलट दिशेने चढत गेलेले आहे. त्याची सुरुवात १८९३ साली काठेवाडातील एका तालुक्याच्या दहा गावांत झाली आणि ते केंद्रीय कायद्याच्या रूपाने अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये ११७ वर्षे गेली.

ही वर्षे नुसत्या दिरंगाईत गेली असे म्हणणे सोपे आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. पण जवळून पाहिले तर या काळात दोन प्रश्नांवर झगडा चाललेला दिसतो. पहिला, सक्ती नेमकी कोणावर करायची? दुसरा, पैसा कोणी द्यायचा? धोरणाचे शब्द फारसे बदलले नाहीत, या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत गेली. वाचकांनी पुढील मजकूर वाचताना हे दोन प्रश्न हाताशी ठेवावेत, एवढीच विनंती.

हुकमाच्या आधी

१८८२ साली हंटर आयोग हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करीत असताना जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आयोगाने सक्ती मान्य केली नाही. प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था नगरपालिका आणि स्थानिक मंडळांकडे सोपवावी, अशी शिफारस मात्र केली. त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव निघाला होता, त्यामुळे हे काळाला धरून होते. पण त्यात एक मेख होती. मंडळांना जबाबदारी मिळाली, तिच्या प्रमाणात पैसा मिळाला नाही. वरच्या सरकारने काम खाली सोपवायचे आणि तिजोरीची किल्ली स्वतःकडे ठेवायची, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

खुद्द इंग्लंडमध्येही सक्ती एका फटक्यात आली नव्हती. १८७० च्या कायद्याने तेथील स्थानिक शाळामंडळांना, हवे असल्यास आपापल्या हद्दीत हजेरी सक्तीची करण्याची मुभा दिली. देशभर सक्ती लागू झाली ती १८८० मध्ये, आणि बहुतेक प्राथमिक शाळांची फी माफ होण्यास १८९१ उजाडावे लागले. आधी मुभा, मग सक्ती आणि शेवटी मोफत, असा तो क्रम होता. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढे गोखल्यांनी त्याचाच आधार घेतला.

दहा गावे

सयाजीराव गायकवाड यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचे अक्षरशिक्षण जवळजवळ तेथूनच सुरू झाले. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाचे बालपण म्हणजे काय, हे या राजाला ऐकून नव्हे तर जगून ठाऊक होते.

तरीही, अधिकार हाती येताच त्यांनी राज्यभर सक्तीचा हुकूम काढला नाही. बडोदे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटक, मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. १८९३ मध्ये प्रयोगासाठी निवडला तो राजधानीपासून दूरचा, काठेवाडातील अमरेली तालुका, आणि त्यातही फक्त दहा गावे. तेथील अनुभव घेत घेत तालुक्यातील इतर गावे जोडली गेली. सबंध राज्याला सक्ती लागू झाली ती १९०६ मध्ये. म्हणजे दहा गावांपासून राज्यापर्यंत जाण्यास तेरा वर्षे लागली.

एवढा वेळ कशाला? सक्तीचा हुकूम एका ओळीत लिहिता येतो, पण तो अमलात आणायचा तर आधी गावातील मुलांची यादी हवी. त्या काळी जन्माची नोंद धड नसे, तेव्हा मूल सात वर्षांचे झाले की नाही हे ठरवणे हेच पहिले भांडण. मग शाळेला जागा हवी, मास्तर हवा, आणि तो मास्तर गावात टिकला पाहिजे. गैरहजर मुलांची नावे वर कळवणारा कोणीतरी हवा, दंड ठोठावणारा हवा आणि दंड माफ करण्याची मुभा असलेलाही हवा. तलाटी, पटेल, वहिवाटदार, सुभा अशी सारी साखळी या कामाला लावावी लागते. दहा गावांत चूक झाली तर ती दुरुस्त करता येते, तीच चूक सबंध राज्यात झाली तर बंड होते किंवा कायदा कागदावर राहतो. अमरेलीचा प्रयोग हा राज्याने स्वतःच्या हातपायांची घेतलेली परीक्षा होती.

बडोद्यात कायद्याला 'निबंध' म्हणत. १९०६ च्या निबंधानुसार मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा हे वय सक्तीचे ठरले. शिक्षण मोफत होते. मूल आजारी किंवा दुर्बल असणे, शाळा फार दूर असणे अशा कारणांसाठी सवलत होती. बाकी मूल गैरहजर राहिले तर दंड पालकाला. मुलींनाही सक्ती लागू करणे ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वीच, १९०४ मध्ये, राज्याने बालविवाह प्रतिबंधाचा निबंध केला होता. नऊ वर्षांची सून सासरी नांदत असेल तर तिचे नाव शाळेच्या पटावर कोण घालणार? एक धोरण दुसऱ्याच्या आधाराने उभे राहते ते असे.

येथे भाषेकडे जरा पाहू. मराठीत आपण 'सक्तीचे शिक्षण' म्हणतो. त्यात बळजबरी आहे, सख्ती आहे. बडोद्याच्या प्रजेच्या भाषेत, गुजरातीत, त्यालाच 'फरजियात केळवणी' म्हणतात. त्यात 'फरज' आहे, म्हणजे कर्तव्य. सक्ती म्हटले की ती कोणी कोणावर केली हे डोळ्यांपुढे येते. फरज म्हटले की ती कोणाची, हा प्रश्न उरतो. १९०६ च्या उत्तरात दोन्ही बाजू होत्या. शाळा काढणे ही राज्याची फरज, मूल पाठवणे ही पालकाची फरज, पण चुकल्यास दंड मात्र एकालाच. ज्या घरात आठ वर्षांचा मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, त्या घराला शाळा मोफत असली तरी फुकट पडत नव्हती. वर दंड आला की घर दोनदा भरडले जाई.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांचा प्रश्न तर दंडाने सुटणारा नव्हताच. त्यांच्यासाठी राज्याने वेगळ्या शाळा काढल्या, पण त्यांत शिकवण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. पुष्कळ ठिकाणी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ च्या सुमारास आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून या शाळांचे काम सोपवले गेले. गावाने मुलाला शाळेच्या पडवीतही उभे करायचे नाही असे ठरवले असेल, तर सक्ती पालकावर नव्हे, गावावर करावी लागते. बडोद्याच्या निबंधाला हे साधले नाही, पण प्रश्न कोठे आहे ते उघडे पडले.

आणखी एक उणीव लवकरच दिसून आली. चार यत्ता शिकून बाहेर पडलेले मूल वाचायला काही नसल्यामुळे काही वर्षांत अक्षरे विसरते. त्यावर उपाय म्हणून १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या देखरेखीखाली बडोद्याने ग्रंथालयांचे जाळे विणले. गावातल्या वाचनालयाचा खर्च गावकरी, प्रांत पंचायत आणि सरकार यांनी सारख्या वाट्याने उचलायचा, असा नियम होता. गावाने आपला तिसरा हिस्सा जमवल्याशिवाय उरलेले दोन मिळत नसत. शाळेच्या बाबतीत पालकाला दंड करणारे राज्य ग्रंथालयाच्या बाबतीत गावाला भागीदार करते, हा फरक लक्षणीय आहे.

अडतीस विरुद्ध तेरा

बडोद्याचा दाखला हाती घेऊनच गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच मांडले. बडोद्यात शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के आणि ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे १.९ टक्के, ही तुलना त्यांनी सभागृहापुढे ठेवली. एका देशी राजाला जे परवडते ते साम्राज्याला परवडत नाही, हे सरकारच्या तोंडावर सांगण्याची ती गोखले पद्धत होती. आवाज न चढवता आकडा पुढे करायचा.

त्यांचे विधेयक कमालीचे बेताचे होते. देशभर सक्ती त्यात नव्हतीच. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा मंडळाला इच्छा असेल, ज्या हद्दीत मुलांचा ठरावीक हिस्सा आधीच शाळेत जात असेल आणि ज्यांना प्रांतिक सरकार परवानगी देईल, त्यांनीच सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती लागू करावी. मुलींना ती पुढे लागू करता येईल. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. खर्चासाठी स्थानिक मंडळाने शिक्षणपट्टी बसवावी, आणि दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा, अशी गोखल्यांची मागणी होती. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याची सावली यात स्पष्ट दिसते.

विरोध झाला तो सक्तीच्या तत्त्वाला कमी आणि त्या दोन-तृतीयांशाला अधिक. प्रांतिक सरकारे प्रतिकूल होती. लोकांची मागणी नाही, काळ योग्य नाही, आधी स्वेच्छेने शिक्षण पसरू द्यावे, नव्या पट्टीने असंतोष माजेल, असे आक्षेप आले. मोलमजुरीला माणसे मिळणार नाहीत, ही जमीनदारांची धास्तीही मागे होतीच. मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जिना यांनी विधेयकाची बाजू घेतली. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. सभागृहात सरकारी बहुमत असल्यामुळे निकाल गोखल्यांना आधीच दिसत होता, आणि तसे त्यांनी भाषणात सांगितलेही. पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९१३ च्या ठरावात सरकारने सक्ती नाकारली, पण प्राथमिक शाळा वाढवण्याचे धोरण जाहीर केले. फेटाळलेल्या विधेयकानेही सरकारला काही बोलायला भाग पाडले होते.

नगरपालिकेचे दार

वरचे दार बंद झाले, तेव्हा हा विषय बाजूच्या दाराने आत आला. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात मुंबई शहराबाहेरील नगरपालिकांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील सक्तीचा हा पहिला कायदा. गोखल्यांचे विधेयक जेथे अडले ती पैशाची अट पटेलांनी वेगळ्या रीतीने हाताळली. सरकारकडून ठरावीक वाटा वदवून घेण्याऐवजी, भार उचलण्यास तयार असलेल्या नगरपालिकेपासून सुरुवात करायची. १९१९ आणि १९२० या दोन वर्षांत पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल, बिहार व ओरिसा, मध्य प्रांत आणि मद्रास येथे असे कायदे झाले. केंद्राने १९१२ मध्ये जे नाकारले ते प्रांतांनी आठ वर्षांच्या आत स्वीकारले.

पण मुभा देणारा कायदा आणि प्रत्यक्ष शाळा यांत अंतर असते. ज्या नगरपालिकेला पट्टी बसवायची आहे तिचे सभासद पुन्हा मत मागायला त्याच लोकांकडे जाणार असतात. त्यामुळे श्रीमंत, जागृत नगरपालिका पुढे गेल्या आणि जेथे शाळेची गरज सर्वांत जास्त तेथील मंडळे हात आखडून बसली. १९२९ च्या हार्टोग समितीने त्याचा हिशेब मांडला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत उरली होती फक्त १८. समितीचा रोख विस्तार थांबवून आहे ते सुधारण्याकडे आणि स्थानिक मंडळांवरील देखरेख वाढवण्याकडे होता. स्थानिक संस्था कमी पडली की अधिकार वर घ्या, हा निष्कर्ष सरकारला नेहमीच आवडतो. त्या संस्थेला पैसा किती दिला होता, हा प्रश्न मग मागे पडतो.

गळलेले शब्द

१९४४ च्या सार्जंट योजनेने सर्व मुलांना शाळेत आणण्यासाठी चाळीस वर्षांची मुदत धरली होती. स्वतंत्र भारताच्या घटनेने अनुच्छेद ४५ मध्ये ती दहा वर्षांवर आणली. पण घटना समितीत त्या आधी जे घडले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मूळ मसुद्यातील कलमाची सुरुवात, मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, अशा अर्थाच्या शब्दांनी होत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द वगळण्याची दुरुस्ती मांडली. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, तेथे हक्काची भाषा शोभत नाही, असे कारण होते. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली. मात्र हे कलम प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करण्याची सूचना आली तेव्हा ते ठाम राहिले. घटना चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात किंवा खाणीत कामाला लावण्यास मनाई करते, मग त्या वयापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेल्या विद्यार्थ्याने लढवलेली ही वयाची अट आजच्या कायद्यातही तशीच आहे.

'हक्क' हा शब्द गळला आणि राज्याने 'प्रयत्न करावा' एवढे उरले. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली, मुले बाहेरच राहिली आणि कोणावरही काही कारवाई झाली नाही. अमरेलीच्या पालकाला गैरहजेरीचा दंड होता, मुदत चुकवणाऱ्या शासनाला नव्हता. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्रालाही कायदा करण्याचा अधिकार मिळाला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला. २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क आले आणि त्याच्या आधारे २००९ चा कायदा झाला. गळलेला शब्द परत यायला चोपन्न वर्षे लागली.

या कायद्यात सक्तीचा अर्थच बदललेला आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे, पण त्यासाठी पालकाला दंड नाही. 'सक्ती'ची व्याख्या शासनावर बंधन घालते. शाळा उपलब्ध करणे, प्रवेश देणे, हजेरी आणि शिक्षण पुरे होणे यांची खात्री करणे, ही शासनाची जबाबदारी. मराठी 'सक्ती' अखेर गुजराती 'फरज'पाशी आली, आणि ती फरज कोणाची हेही ठरले.

यादी कोणाकडे आहे?

कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे हे त्यांतले एक आहे, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे दुसरे. म्हणजे ११७ वर्षांनी आपण पुन्हा तेथेच येतो, गावातील मुलांच्या यादीपाशी. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे मूल, वीटभट्टीवरचे मूल, बांधकामावर राहणारे मूल कोणत्या यादीत आहे, यावर संसदेचा कायदा त्या मुलापर्यंत पोहोचतो की नाही हे ठरते. यादीत नाव नसलेल्या मुलासाठी १८९२ साल अजून संपलेले नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी भाषकांना या इतिहासात आणखी एक धागा आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत अनुच्छेद ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास ते सांगते, आणि ते केवळ राज्याला नव्हे तर राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला सांगते. मातृभाषेच्या माध्यमाची अपेक्षा २००९ च्या कायद्यातही आहे, पण 'शक्य तेथवर' अशा शब्दांनी सैल केलेली. मराठी शाळांबद्दल आपण बोलतो तेव्हा आपली निवेदने बहुधा मुख्यमंत्र्यांच्या नावे जातात. वर्गात पटावर किती मुले आहेत, शिक्षकाची जागा रिकामी आहे का, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव आहे का, या गोष्टी आधी नगरपालिकेच्या किंवा तालुक्याच्या कागदावर येतात आणि वर जातात तेव्हा त्यांचा निकाल जवळजवळ लागलेला असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा म्हणतो. या समितीच्या बैठकीला कोण जाते? आपल्या वस्तीतील मुलांची नोंद पुरी आहे का, आणि त्या नोंदीत मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे? आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी संमेलनांच्या ठरावांबरोबर हेही काम अंगावर घ्यायला हवे. राजाश्रय असताना बडोद्याच्या खेड्यातील वाचनालयाला सरकारचा तिसरा हिस्सा मिळे, पण गावाने आपला हिस्सा आधी आणून ठेवल्यावर. आज राजा नाही, कायदा आहे, आणि त्या कायद्याच्या बाबतीतही आपला हिस्सा आपल्यालाच आधी आणून ठेवावा लागणार आहे.